गोसीखुर्दच्या काकाजींना, समुद्रावरून आल्यावर

काकाजी, नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "जाऊ दे नं वं माय" म्हणता आणि जाळं हातात घेता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. धानाच्या रोवणीसाठी गावी आले आहे. होडी तिकडे कोकणात पावसाळ्यापुरती वर ओढून ठेवली आहे.

हिवाळाभर आम्ही दोघं शिडाच्या लहानशा होडीत राहिलो. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग करत मालवणपर्यंत गेलो. रांधणं, झोपणं सगळं होडीतच. धानाच्या पट्ट्यातल्या पोरीला समुद्र कसा जमला, असं लोक विचारतात. मी तुमचं नाव सांगते.

धरणात वैनगंगा अडली, धारेच्या जागी लाटा आल्या, तेव्हा तुम्हालाही पाणी नव्यानं शिकावं लागलं होतं. ते सगळं तुम्ही हातचं न राखता मला दिलंत. शेतकऱ्याच्या मुलीला ढिवराच्या, मासे धरणाऱ्याच्या, डोंग्यात काय काम, असं बोलणारे होतेच. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत, वल्हं माझ्या हातात दिलंत.

रात्री डोंगा उभा केला की काठावरची दोन झाडं एका रेघेत धरायला लावायचात, एक जवळचं, एक मागचं. रेघ मोडली म्हणजे नांगराचा दगड घसरला. जयगडच्या खाडीत झाडं दिसेनात, तर काठावरचा एक दिवा आणि मागच्या टेकडीवरचा एक, असे धरले. मध्यरात्री भरती सरून ओहोटी लागली, होडी नांगराभोवती फिरली, रेघ मोडली. फिरून झाल्यावर दुसरी रेघ धरली. थोड्या वेळानं तीही मोडली, तेव्हा कळलं की नांगरच ओढला जातोय. मागे खडक होते. नवऱ्याला उठवलं, आणखी दोर सोडला, नांगर बसला. त्या रात्री आमची होडी तुमच्यामुळे वाचली, काकाजी.

तिथलं पाणी मात्र दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, दर दिवशी पाऊण-एक तास उशिरानं. अमावस्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, त्यावर निघायचं. दुपारी वायव्येचा वारा भरतो, मालवणकडे जाणाऱ्याला तो पाठीशी मिळतो. अंधाराआधी खाडीत शिरायचं, तेही शक्यतो भरती धरून. ओहोटीच्या ओढीला समोरून वारा भिडला की तोंडाशी वाळूवर लाटा फुटतात. हे तुम्ही एकदा पाहाच, मला सांगून समजावता येणार नाही.

आणि दुसऱ्याच्या जाळ्यावरून डोंगा न्यायचा नाही, हा तुमचा नियम. हर्णैजवळ जाळ्यांचे बोये दिसले तसा आम्ही लांबचा वळसा घेतला. संध्याकाळी बंदरात एका तांडेलानं, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखानं, हाक मारून विचारलं, कुणाकडे शिकलात? मी म्हटलं, भंडारा जिल्ह्यात, आमच्या काकाजींकडे. तिथे समुद्र कुठला, म्हणून तो हसला, आणि मग वैनगंगेबद्दल, डोंग्याबद्दल, झिंग्यांबद्दल बराच वेळ विचारत बसला.

दिवाळीनंतर होडी पुन्हा पाण्यात उतरेल. तुम्ही आणि काकी या. काकींचे गुडघे दुखतात, म्हणून चढायला फळीची सोय केली आहे. धान निघालं की कळवा, तिकिटं मी काढते.

तुमची,
पलीकडच्या काठावरची पोरगी