रविवारी कूलर दुरुस्ती, परभणी

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपल्या नेहमीच्या हॉलवर कूलर दुरुस्ती शिकायलोत, नवीन मेंबरनी तर नक्की या, काहीच येत नसलं तरी चालतंय.

आणायचं: बंद पडलेला पंप नाहीतर मोटर, टेस्टर, पेचकस, जुना टूथब्रश (बोरच्या पाण्याचा क्षार लई बसतोय आपल्याकडं).

ग्रुपवर विचारताना नुसतं "कूलर चालेना" लिहू नका, फोटो टाका. मोटर गुणगुणते पण फिरत नाही असं असलं की बऱ्याचदा कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर, मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग) गेलेला असतो, त्याच्यावर छापलेल्याच एमएफडीचा (मायक्रोफॅरड, म्हणजे त्याची क्षमता) नवा घ्या.

प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, ओल्या फरशीवर करंट लागून माणूस जातो.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव टाका.