मुक्कामाची फी घ्या, पण हिशेब पायथ्याशी लावा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

हरिश्चंद्रगड, रतनगड, सांदण दरी या भागात तंबू ठोकून राहणाऱ्यांकडून जास्त फी घ्यावी का, हा वाद दर मोसमात नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, डोंगर काय कुणाच्या बापाचे आहेत? दुसरी म्हणते, पाचशे-हजार लावा, हुल्लडबाज आपोआप घरी बसतील. भांडण सगळं आकड्यावर. तो आकडा आला कुठून, हे कुणी विचारत नाही. आमच्या मते एका माणसाच्या एका रात्रीपायी गडावर जो खर्च पडतो तेवढी फी रास्त आहे आणि ती बिनतक्रार द्यावी. त्यावरचा रुपया मागायचा असेल तर त्याचं कारण वेगळं सांगायला हवं.

आधी कायद्याचं. हा पट्टा १९८६पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम २७ने अभयारण्यातल्या प्रवेशावर बंधन घातलं आहे आणि कलम २८ने पर्यटनासाठी परवाना व त्याची फी यांची सोय केली आहे. म्हणजे ‘परवानगीच कशाला’ हा मुद्दा निकालात निघतो.

आता खर्च. सगळ्यात मोठी बाब ज्यावर कुणाला बोलायचं नसतं तीच, मैला. गिर्यारोहणाच्या वर्गात शिकवतात की पाण्यापासून साठेक मीटर लांब जा आणि वीतभर खोल खड्डा घ्या. त्याला वीतभर माती लागते. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या पठारावर बऱ्याच जागी चार बोटं माती आणि खाली काळा पाषाण. खड्डा होतच नाही. मैला दगडावर वाळतो आणि वळवाच्या पहिल्या सरीत उताराला लागतो. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिराचा परिसर खोलगट, आजूबाजूचं पाणी तिकडे वाहत येतं, आणि पिण्याच्या पाण्याची कोरीव टाकी तिथेच आहेत. ओल्या रुमालांचं, म्हणजे वेट वाइप्सचं, तर विचारूच नका. कागद समजून टाकतात, पण बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, ते वर्षानुवर्षं कुजत नाहीत.

यावर उपाय म्हणजे लघवी वेगळी करणारं कोरडं शौचालय. खाली दोन कोठ्या. एक भरली की बंद करायची आणि दुसरी उघडायची. बंद कोठीला निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर हात लावायचा नाही. प्रत्येक वापरानंतर ओंजळभर राख किंवा लाकडाचा भुसा. हे बिघडतं ते पाण्याने. आपल्याकडे धुण्याची सवय आहे, त्यामुळे परदेशी नमुन्याचं दोन भोकांचं भांडं बसवलं की पंधरा दिवसांत कोठीत पाणी साचतं, अळ्या पडतात आणि लोक पुन्हा झुडपामागे जातात. भांडं तीन वाटांचं हवं: मैला कोठीत, लघवी वेगळ्या नळीने, धुण्याचं पाणी तिसऱ्या वाटेने गोटे-वाळूच्या शोषखड्ड्यात, तोही टाक्यांच्या वरच्या अंगाला नको. छपराला चारी बाजूंनी हातभर पागोळी सोडावी. इथला पाऊस आडवा येतो आणि भिजलेली कोठी सुकत नाही.

बैठका किती? शंभर माणसांना चार. सकाळी साडेपाच ते आठ हीच खरी गर्दी. माणशी पाच मिनिटं धरली तर चार बैठकांवर शंभर जणांना दोन तासांच्या वर लागतात. त्याहून कमी बैठका म्हणजे उघड्यावर जाण्याचं आमंत्रणच.

हिशेब मांडू. आकडे आमच्या अंदाजाचे आहेत, ते कुणीही बदलून पाहावेत. शनिवारी शंभर जणांची मर्यादा, पण सरासरी रात्रीला साठच धरू, आणि वर्षाला मुक्कामाच्या सत्तर रात्री. म्हणजे ४,२०० माणूस-रात्री. प्रत्येक रात्रीसाठी पाच स्थानिक माणसं: एक पायथ्याला नोंद आणि पावतीला, एक शौचालयाला, एक कचरा गोळा करून खाली आणायला, दोघं रात्रभर पठारावर. चढून जाऊन रात्रपाळी करायची तर आठशेच्या खाली मजुरी देऊ नये. चार हजार भागिले साठ, माणशी ६७ रुपये. शौचालयं सहा लाखांची धरली (सिमेंट, वाळू, पत्रे सगळं डोक्यावरून वर जाणार, म्हणून खर्च जास्त) आणि दहा वर्षं टिकली, तर माणशी १४. कोठ्या रिकाम्या करणं आणि दुरुस्ती यांना वर्षाला चाळीस हजार, माणशी १०. स्ट्रेचर, दोर, प्रथमोपचार, बचाव पथकाचं इंधन आणि विमा यांना वर्षाला लाख, माणशी २४. झाले ११५. पावतीपुस्तकं आणि लेखापरीक्षण धरून सव्वाशे.

सव्वाशे रुपये ही फी जाचक नाही. मात्र एवढ्या पैशात काय मिळणार हे पावतीच्या पाठीवर छापलेलं असावं. आणि कुणी पाचशे मागत असेल तर उरलेले पावणेचारशे कशाचे, हे त्याने सांगावं.

त्यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे गर्दी आवरायची आहे. हेतू चांगला, हत्यार चुकीचं. पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारच्या बॅचा आणणारे आयोजक माणशी हजार ते दोन हजार घेतात. फी चारशेने वाढली की ते दर चारशेने वाढवतात आणि बस तेवढीच भरते. गळतो कोण? एसटीने राजूरला उतरून पुढे मिळेल त्या जीपने पायथ्याचं पाचनई गाठणारा कॉलेजचा पोरगा, शाळेची सहल, आणि पिठलं-भाकरी बांधून येणारा जुना भटक्या. म्हणजे नेमके तेच, ज्यांच्यामुळे गडाला सगळ्यात कमी त्रास होतो. गर्दी आवरायला संख्येची मर्यादा घाला. शनिवारी शंभर म्हणजे शंभर, आगाऊ नोंदणीने, आणि एका आयोजकाला एका रात्री पंचविसापेक्षा जास्त जागा नाहीत. मंगळवारी-बुधवारी फी निम्मी ठेवली तरी थोडी गर्दी तिकडे सरकेल. साहसी पर्यटनासाठी राज्याने २०२१मध्ये आयोजकांच्या नोंदणीचं धोरण आणलं आहे. आयोजकाचा नोंदणी क्रमांक पावतीवर टाकायला कितीसा वेळ लागतो?

फी माणसाच्या प्रवेशावर नको, मुक्कामावर हवी. सकाळी चढून संध्याकाळी उतरणारा आणि महाशिवरात्रीला देवाला येणारा यांना मुक्कामाच्या दरात ओढू नये. आसपासच्या गावच्या माणसाकडून तर फी मागायचीच नसते. ज्याच्या आजोबाने या रानात गुरं चारली त्याला पावती फाडायला लावणं शोभत नाही.

अनामत रक्कम ठेवा, कचरा दाखवा, पैसे परत न्या, अशीही सूचना येते. ऐकायला छान आहे. एव्हरेस्टवर नेपाळने २०१४पासून हेच केलं. प्रत्येक पथकाची चार हजार डॉलर अनामत आणि प्रत्येक आरोहकाने आठ किलो कचरा खाली आणायचा. लोकांनी आठ किलो खालच्या छावण्यांतून भरले, अनामत सोडवून घेतली, आणि खरी घाण वरच्या छावण्यांत तशीच राहिली. आपल्याकडेही पायथ्याच्या टपरीमागून पिशवी भरायला वेळ लागणार नाही.

ज्यांना सव्वाशेही जास्त वाटतात त्यांनी आफ्रिकेतल्या किलिमांजारो शिखराचा दर पाहावा. महाराष्ट्रातून तिथे बरेच जण जातात, आणि मुकाट्याने भरतात. संवर्धनाचे दिवसाला ७० डॉलर, तंबूचे रात्रीला ५०, बचावाचे एका फेरीला २०, वर १८ टक्के कर. सात दिवस, सहा रात्रींचे साडेनऊशे डॉलरच्या वर होतात. या रचनेतलं घेण्यासारखं म्हणजे प्रत्येक पैशाला नाव आहे. बचावाचा पैसा बचावाचा, तंबूचा तंबूचा. हमालाच्या ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे आणि ते वजन करून पाहिलं जातं. आणि तरीही छावण्यांवरच्या सार्वजनिक शौचालयांची अवस्था अशी की पुष्कळ पथकं स्वतःचा शौचालयाचा तंबू वेगळे पैसे देऊन सोबत नेतात. दर जास्त असला म्हणजे सोय चांगली असं काही नाही.

बचावाचं आपल्याकडे उलटं आहे. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेली पथकं स्वयंसेवकांची आहेत. रात्री फोन आला की ही मंडळी आपली कामं टाकून निघतात. फीमधले चोवीस रुपये त्यांच्या दोराला आणि डिझेलला गेले तर फीविषयीची निम्मी कुरकुर थांबेल.

खरी मेख पैसा जातो कुठे यात आहे. सरकारी कोषागारात एकदा जमा झालेला रुपया अंदाजपत्रकाच्या फेऱ्यातूनच परत येतो, आणि तो त्याच गडावर येईल याची हमी नसते. व्याघ्र प्रकल्पांसाठी कायद्यात कलम ३८ एक्सखाली व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद आहे, त्यामुळे ताडोब्यासारख्या ठिकाणी पर्यटनाचा पैसा प्रतिष्ठानाकडे राहून तिथेच वापरता येतो. साध्या अभयारण्याला ही सोय नाही. तिथे ग्राम परिस्थितिकीय विकास समितीचं खातं हाच जवळचा मार्ग. सही अध्यक्ष आणि वनपाल या दोघांची, आणि दर सहा महिन्यांनी जमा-खर्च ग्रामसभेपुढे. हा भाग पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो, तेव्हा ग्रामसभेला विचारणं हा उपकार नव्हे.

आज बऱ्याच गडांच्या पायथ्याशी तीन पावत्या फाटतात: नाक्यावर एक, वाहनतळावर एक, समितीची एक. एकीवर अनुक्रमांक नसतो, दुसरीवर तारीख नसते. तिन्ही भरलेल्या माणसाला वाटतं, आपण कचरा उचलायचेही पैसे दिले. मग तो बाटली तिथेच टाकतो. पावती एकच हवी, तिच्यावर अनुक्रमांक, तंबूंची संख्या आणि उतरायची तारीख. म्हणजे रविवारी दुपारी कोण उतरलं नाही, हेही नाक्यावर कळेल. शोध घ्यायची वेळ आली तर पहिले चार तास त्यावर वाचतात.

‘फी नकोच’ म्हणणाऱ्यांनी उत्तराखंडकडे बघावं. आली, बेदिनी आणि इतर बुग्यालांवर, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या गवताळ कुरणांवर, तंबूंची गर्दी वाढत गेली, व्यवस्था काही उभी राहिली नाही. शेवटी ऑगस्ट २०१८मध्ये उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या दोनशेवर आणली. रूपकुंड तलावाकडे जाणारी ट्रेकची वाट त्यात अडकली. भुर्दंड पडला त्या वाटेवरच्या वाण आणि लोहाजंग या गावांतल्या खेचरवाल्यांना, हमालांना, घरात खोली देणाऱ्यांना. ट्रेकर काय, दुसऱ्या डोंगरावर गेले.

एका जागी मात्र आम्हीही फीच्या विरुद्ध आहोत, आणि ती जागा काजव्यांची. मेअखेर ते पाऊस बसेपर्यंत भंडारदरा-घाटघर पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लखलखतात. तो त्यांचा जोडीदाराला खुणावण्याचा काळ. गाडीचे दिवे, विजेऱ्या आणि तंबूंवरच्या दिव्यांच्या माळा यांत ती खूण दिसेनाशी होते. हजार रुपये भरले म्हणून झाडाखाली माळ लावायचा हक्क मिळत नाही. त्या दिवसांत त्या झाडांजवळ तंबूला आणि वाहनाला सरळ मनाई हवी. लोकांना गावातच थांबवा. खोली आणि जेवणाचे पैसे त्या घरांना मिळू देत, आणि झाडांपर्यंत गावच्या वाटाड्याबरोबर, विजेरीला लाल कागद लावून, चालत न्या.

तंबूंचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. दर बदलायचेच असतील तर सप्टेंबरात बदलावेत. आणि नव्या दराचा फलक लागेल त्याच फलकावर मागच्या वर्षीची जमा किती, शौचालयावर किती, मजुरीला किती आणि शिल्लक किती, या चार ओळी मराठीत लिहाव्यात.

आपले,
डोंगरवाटांचे काही वाचक,
संगमनेर