वकीलपत्र घेणार नाही, हा ठराव कसला?

मा. संपादक,
स. न.

‘या आरोपीचे वकीलपत्र आमच्यापैकी कोणीही घेणार नाही’ असा ठराव एका तालुक्याच्या वकील संघाने केल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. बातमीचा सूर कौतुकाचा होता. मी न्यायालयात लघुलेखिका म्हणून 31 वर्षे काढली, आणि माझ्या मुलीने गेल्या वर्षी सनद घेतली. तिला फौजदारीच करायची आहे, तीही आरोपीच्या बाजूने. तिची आत्या परवा घरी येऊन म्हणाली, “अगं, उद्या बलात्काऱ्याला सोडवायला उभी राहशील का?” आत्याचा प्रश्न मी समजू शकते. पण वकिलांच्या संघानेच तिच्यासारखे बोलावे?

असा ठराव कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे. कोइमतूरच्या वकिलांनी असेच केले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात असे सगळे ठराव बेकायदा आणि व्यवसायाच्या नीतीला सोडून असल्याचे सांगितले. आवडीचा वकील देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्येच आहे. आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचे खासगी मत काहीही असो, त्याने बचाव करावा, हे बार कौन्सिलच्या नियमांत लिहिलेले आहे. 26/11 नंतर मुंबईतही असा ठराव झाला होता. ज्या खटल्यात कसाबला फाशी झाली, त्याच खटल्यात फहीम अन्सारी निर्दोष सुटला आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले. त्याचे वकील शाहिद आझमी यांचा मात्र निकालाआधीच, फेब्रुवारी 2010 मध्ये, कुर्ल्यातल्या कार्यालयात खून झाला होता.

नाशिकच्या सत्र न्यायालयातला एक खटला तर मला झोपू देत नाही. सामूहिक बलात्कार आणि खून, घटना 2003 ची, आरोपी भटक्या जमातीतले सहा जण. 2006 मध्ये सहाही जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे कळले की त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख भरपाई देण्यास सांगून. प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार निराळीच माणसे ओळखली होती आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. 16 वर्षे ती गोष्ट कागदांत पडून होती. खरे गुन्हेगार सुटले ते वेगळेच.

कागद वाचणे म्हणजे काय, हे मी माझ्या खुर्चीवरून पाहिले आहे. एका दरोड्याच्या खटल्यात आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी पंचाला, म्हणजे जप्तीच्या साक्षीदाराला, आरोपीबद्दल एक अक्षर विचारले नाही. विचारले एवढेच, की आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या? “असतील वीस-बावीस,” पंच अभिमानाने म्हणाला. म्हणजे हा पोलिसांचा नेहमीचाच पंच. मी ते टंकित केले तेव्हाच ती जप्ती टिकणार नाही हे कळले.

पण असे दिवस थोडे. जास्त वेळा माझ्या हातून साक्षीदाराचे एकच वाक्य उतरले: ‘मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ संपली उलटतपासणी. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या वाट्याला हे वाक्य येते, मग निकालपत्रात लिहिले जाते की साक्षीदाराची साक्ष उलटतपासणीत अबाधित राहिली. ठराव करणाऱ्यांना हे माहीत नाही असे नाही. श्रीमंत आरोपी ठरावाला भीक घालत नाही, तो मुंबईहून वकील आणतो.

वकील संघाला खरोखर काही करायचेच असेल तर ज्युनियरांकडे बघावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये त्यांना शहरात दरमहा 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार विद्यावेतनाची शिफारस केली. माझ्या मुलीच्या बरोबरीच्यांना विचारा, तो आकडा ऐकून हसतात. सीनियर तारखेला पाठवतात, चहा पाजतात, कधी पेट्रोलचे देतात. विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक योजनेत आता आरोपींसाठी पगारी वकील नेमतात, हे चांगले झाले, पण तिथे जाण्याआधीची दोन-तीन वर्षे पोट कशावर भरायचे? त्यामुळे हुशार मुले कंपन्यांकडे, जमिनीच्या कामांकडे वळतात. फौजदारीत एक तर ज्याला घरचा आधार आहे तो टिकतो, नाही तर पोलीस ठाण्याशी लागेबांधे असलेला.

सध्या मुलीकडे मोबाइल चोरीतला एक पोरगा आहे. जामीन मंजूर होऊन महिना झाला, जामीनदार मिळत नाही म्हणून तो आत आहे. ती आता त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडावे असा अर्ज लिहीत बसली आहे.

ठराव केल्याची बातमी आपण पहिल्या पानावर छापली. संघाने तो मागे घेतला, तर तेवढीच जागा त्याही बातमीला द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका