बाबू, नाहीतर काय झालं असतं ते आधी विचार

प्रिय बाबू,

घरच्या ग्रुपवर तू परवा जे लांबलचक टाकलंस ना, गृह आधार, म्हणजे गोवा सरकार घर चालवणाऱ्या बायकांना दर महिन्याला देतं ती रोख मदत, ते फुकटचे पैसे, असल्या स्कीमनी लोक आळशी होतात, सगळं बंद करायला पाहिजे वगैरे, ते मी वाचलं. धाकट्या मावशीनंही वाचलं. तिच्या खात्यात ते १५०० रुपये येतात हे तुला माहीत आहे, तरी लिहिलंस, आणि ती त्यानंतर ग्रुपवर एक अक्षर बोलली नाही. तिथे उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलं, सगळे नातेवाईक नुसते मजा बघत बसतात. म्हणून हे वेगळं पत्र. मोठं आहे, जेवून झाल्यावर वाच.

तू पुण्यात इकॉनॉमिक्स शिकतोस, मी इथे गोव्यात डिचोलीला बँकेच्या काउंटरवर नोकरी केली. पण तू मागच्या सुट्टीत इथे टाकून गेलास ते प्रिंटआउट मी रद्दीवाल्याला दिले नाहीत, बसून वाचले. ग्रीक अक्षरं असतात ती पानं सोडून द्यायची, बाकीचं सगळं कळतं रे.

त्यातला उदयपूरचा संशोधनाचा पेपर तू नीट वाचलायस का? अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो या अर्थतज्ज्ञांचा आणि मंडळींचा, २०१० साली छापलेला. उदयपूर जिल्ह्यातल्या गावांत मुलांचं लसीकरण फार कमी. काही गावांत त्यांनी दर महिन्याला नेमाने लसीचा कॅम्प लावला, काही गावांत कॅम्प आणि शिवाय प्रत्येक डोसला एक किलो डाळ, सगळे डोस पुरे झाले की थाळ्यांचा सेट, आणि काही गावांत काहीच केलं नाही. काहीच केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के, नुसत्या कॅम्पच्या गावांत १८, डाळवाल्या गावांत ३९. आता तू म्हणशील डाळीचा खर्च? हिशोब केल्यावर एका मुलामागचा खर्च डाळ देऊन निम्म्यावर आला. कारण नर्सला दिवसभर बसवायचा पगार द्यावाच लागतो, मग चार मुलं येवोत नाहीतर वीस. म्हणजे जे फुकट वाटलं त्यानेच काम स्वस्त झालं. हे मला कोणी तोंडी सांगितलं असतं तर मी हसले असते, बँकेत आम्ही कॅलेंडर फुकट वाटतानासुद्धा शंभरदा विचार करायचो.

दुसरा डफ्लोबाईंचा एकटीचा, २००३ चा, दक्षिण आफ्रिकेतला. तिथे म्हाताऱ्यांची पेन्शन काळ्या लोकांनाही चांगली मिळायला लागली तेव्हाचा. घरात आजीला पेन्शन मिळत असेल तर नातींच्या तब्येतीत फरक दिसला, वजन उंची सुधारली. आजोबांना मिळत असेल तर तसा काही फरक दिसला नाही. तुझे आजोबा असते तर हा पेपर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला असता! आणि लोक पैसे दारूत घालवतात असं तू लिहिलंस त्यावर वर्ल्ड बँकेच्या दोघांनी देशोदेशीचे १९ अभ्यास एकत्र करून बघितलेत, रोख मदत मिळाली म्हणून दारू तंबाखूचा खर्च वाढतो असं त्यात काही सापडत नाही. तुझ्याच प्रिंटआउटमध्ये आहे, वर तुझ्या अक्षरात इम्पॉर्टंट लिहिलंय.

आता तू म्हणशील आई स्कीमची वकिली करते. नाही करत. उदयपूर म्हणजे डिचोली नव्हे, आणि आफ्रिकेतल्या आजीवरून मावशीचा निकाल लावता येत नाही. गृह आधारने गोव्यातल्या बायकांचं नक्की काय झालं ते मला खात्रीने माहीत नाही, आणि तुलाही नाही, माझं भांडण फक्त एवढ्यावरच आहे. चवथीच्या तोंडावर पैसे जमा झाले काय विचारायला काउंटरवर बायकांची ही रांग लागायची. कोणी गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाला काढायची, कोणी पोराच्या फीला, एक बाई तर कधी काढायचीच नाही, नुसतं पासबुक भरून घ्यायची आणि आकडा बघून घरी जायची. पण माझं हे बघणं म्हणजे काही संशोधन नाही, कारण काउंटरवर आल्या त्याच मला दिसल्या, ज्या आल्याच नाहीत त्यांचं काय? आणि जे पैसे इथे लागले ते दुसरीकडे, समजा बालवाडीला किंवा गावच्या दवाखान्याला लागले असते तर जास्त उपयोग झाला असता का, हा प्रश्न तू विचारला असतास तर मी तुझ्या बाजूने बोलले असते. तू तो विचारला नाहीस, तू सरळ आळशी म्हणालास.

हे सगळं शोधायचं कसं ते मेक्सिकोवाल्यांनी १९९७ साली दाखवलं. गरीब घरांना रोख पैसे द्यायची त्यांची स्कीम, प्रोग्रेसा नाव. पाचशेच्या वर गावं निवडली, त्यातल्या काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं आधी दिलं आणि बाकीच्यांना नंतर. मधल्या काळात दोन्हींची तुलना करता आली. आपल्याकडे असं पेडण्याला आधी आणि सांग्याला नंतर दिलं असतं तर सांग्याच्या आमदाराने विधानसभा डोक्यावर घेतली असती ते सोड, पण आज आपल्याला काहीतरी कळलं असतं.

आणि गोव्यात तर २०१२ या एका सालाने सगळा घोळ केलाय. आठवतं का तुला, तू लहान होतास. त्या एकाच वर्षात पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, लिटरमागे ११ रुपयांच्या आसपास भाव उतरला. त्याच वर्षी गृह आधार आली, तेव्हा १००० रुपये होते. मुलींसाठीची लाडली लक्ष्मी आली, एक लाखाची. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. तुझा काका ग्रुपवर म्हणतो खाण बंद झाली म्हणून आमच्या पट्ट्याची वाट लागली, आणि खोटं नाही, ट्रकांची कर्जं माझ्याच टेबलावरून थकीत होत गेली, चांगल्या घरची माणसं नजर चुकवून जायची. पण ज्यांना हप्ता भरता आला नाही त्यातला किती भाग बंदीमुळे? लोहखनिजाचा जगातला भाव त्याच सुमाराला पडला होता. केंद्राने निर्यात कर डिसेंबर २०११ मध्ये २० वरून ३० टक्के केला होता. बंदी आली नसती तरी काही ट्रक उभे राहिलेच असते. काही म्हणजे किती, ते सांगता आलं पाहिजे, नुसतं २०११ आणि २०१३ शेजारी ठेवून नाही चालत, कारण मध्ये हे सगळं एकत्र झालंय. काणकोण सारखा खाणी नसलेला तालुका घेऊन तुलना करावी म्हटलं तर तिथेही थोडे जण ट्रकवर कामाला होतेच. मला यातून वाट दिसत नाही, तुला दिसली तर थिसिसला हाच विषय घे, आमच्या बँकेतल्या जुन्या माणसांशी गाठ घालून देते.

पेट्रोलचं मात्र करता येण्यासारखं होतं. पत्रादेवीची हद्द आहे, पलीकडे महाराष्ट्रातलं बांदा. माणसं तीच, भाषा तीच, नुस्तं म्हणजे मासेसुद्धा तेच खातात, फक्त टॅक्स वेगळा. अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी हेच केलं ना, न्यू जर्सीने १९९२ मध्ये किमान वेतन सव्वाचार डॉलरवरून ५.०५ केलं आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही केलं, मग हद्दीच्या दोन्ही बाजूंची बर्गरची दुकानं बघितली. पगार वाढवला की नोकऱ्या जातात असं सगळे धरून चालले होते, तसं दिसलं नाही. त्यावर पुढे दुसऱ्यांनी पगाराचे कागद काढून उलटं सांगितलं, मग यांनी परत उत्तर दिलं, वर्षानुवर्षं भांडण चाललं, आणि कार्डना नोबेल मिळालं २०२१ ला. मला ते भांडणच जास्त आवडलं. इतके हुशार लोक चारशे दुकानं मोजून सुद्धा जपून बोलतात आणि आमचा बाबू एका मेसेजमध्ये अख्ख्या गोव्याच्या बायकांचा निकाल लावतो.

आणि पेट्रोल स्वस्त झालं त्याला तू का नाही फुकटचं म्हणालास? ज्याच्याकडे दोन गाड्या त्याला जास्त फायदा, बसने जाणाऱ्या बाईला जवळजवळ शून्य, वर सावंतवाडीकडचे लोक येऊन टाकी भरून जायचे ते वेगळं. तेव्हा तुझ्या बाबांसकट कोणी आळशी झालं नाही वाटतं.

आता थोडं तुझ्याबद्दल. महिन्याच्या शेवटी जे उरेल ते साठवीन असं तू फोनवर म्हणालास. उरत नाही. पिग्मी आठवते का तुला, ते एजंट काका रोज संध्याकाळी दुकानादुकानात फिरायचे? सिंडिकेट बँकेने १९२८ ला उडुपीकडे सुरू केलेली पद्धत, दिवसाला दोन आण्यांपासून. पुस्तकी हिशोबाने पिग्मी म्हणजे येडेपणा, व्याज कमी, मुदतीआधी काढले तर वर कापून घेतात. तरी आमच्या बाजारातली नुस्तेकान्न, मासे विकणारी, ती कधी चुकवायची नाही, कारण तिला पैशाला कुलूपच हवं होतं, घरात ठेवले तर कोणीतरी मागणार आणि तिला नाही म्हणता येणार नाही. फिलिपिन्समध्ये २००६ च्या एका पेपरात अगदी हेच आहे, स्वतःचेच पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत किंवा रकमेपर्यंत काढता येणार नाहीत असं खातं लोकांना देऊ केलं, सोबत घरी ठेवायला एक डबा, चावी बँकेत. वर्षभरात ज्यांना असं खातं देऊ केलं त्यांची शिल्लक इतरांच्या मानाने सरासरी ८१ टक्क्यांनी वाढली. आणि खातं देऊ केलं त्यातल्या २८ टक्के लोकांनीच ते घेतलं होतं, तरी एवढा फरक. तर तू स्टायपेंड येतो त्याच्या दुसऱ्या दिवशीचं स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लाव, म्हणजे पैसे आपोआप आरडी मध्ये जातील, आणि बँकेचं ते ॲप फोनवरून काढून टाक म्हणजे मोडायचा मोह होणार नाही. रक्कम किती ते तुझं तू ठरव, मी विचारणार नाही.

मावशीला फोन कर. सॉरी वगैरे म्हणायची गरज नाही, तिला ते आवडत पण नाही, तिला विचार की त्या पैशांचं ती काय करते आणि नसते मिळाले तर काय केलं असतं. वहीत लिहून घे. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही हे ठाऊक आहे मला, पण निदान एक तरी होईल.

चवथीला येतोयस ना? तिकीट आत्ताच काढ, सरकारी कदंब बसचं मिळालं तर बरं, खासगी बसवाले त्या आठवड्यात काय भाव लावतात ते तुला माहीत आहे, मग मला डिमांड सप्लाय समजावत बसू नकोस, बाबा काही वरचे पैसे देणार नाहीत.

तुझी
आई