न्यायमूर्तींचे सत्कार छापताना कायद्याच्या शिक्षकांचीही दखल घ्यावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या विधी महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला, महाधिवक्ता झाला किंवा मंत्रिमंडळात गेला, की त्या महाविद्यालयाचे नाव दोन-तीन दिवसांत वृत्तपत्रात येते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, व्यासपीठावरील मान्यवरांची यादी आणि शेवटी आभारप्रदर्शन कोणी केले, एवढा मजकूर सगळ्या बातम्यांत सारखाच असतो. 'शिरपेचात मानाचा तुरा' हे शीर्षकही बहुधा ठरलेले असते. सत्काराला माझा आक्षेप नाही. मी स्वतः बरीच वर्षे कायदा शिकवला आहे आणि आपला विद्यार्थी न्यायासनावर बसलेला पाहण्याचा आनंद मला ठाऊक आहे. मात्र अशा बातमीतून वाचकाला फक्त कोणाला कोणते पद मिळाले एवढेच समजते. त्या व्यक्तीने कायद्याच्या क्षेत्रात काय काम केले, हे त्यात सहसा नसते. आणि महाविद्यालयात आज शिकवणारी माणसे तर त्या छायाचित्राच्या कडेलासुद्धा नसतात. विधी महाविद्यालयांची कामगिरी आपण केवळ पदांवरून मोजतो आणि त्यामुळे तेथील सर्वांत मोलाचे काम आपल्या नजरेतून सुटते, एवढेच मला या पत्रात मांडायचे आहे.

पदांच्या यादीत महाराष्ट्र कोठे कमी पडणारा नाही. 1855मध्ये सुरू झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आणि 1924मध्ये स्थापन झालेले पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय या दोनच संस्था घेतल्या, तरी सरन्यायाधीशांची नावे भराभर आठवतात. प्र. बा. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड पुण्याचे, तर पी. एन. भगवती आणि उदय लळित मुंबईचे. ही नावे प्रत्येक स्मरणिकेत असतात आणि असायलाही हवीत. पण कामाच्या दृष्टीने पाहिले, तर याच महाविद्यालयांची खरी बातमी वेगळ्या ठिकाणी सापडते. केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे 68 दिवस युक्तिवाद चालले. त्यात याचिकाकर्त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते आणि केरळ राज्याच्या बाजूने एच. एम. सीरवई. दोघेही मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहेत की नाहीत, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने मांडणारे वकील एकाच महाविद्यालयातून बाहेर पडावेत, यापेक्षा त्या महाविद्यालयाच्या शिक्षणाबद्दल अधिक बोलके प्रमाणपत्र कोणते असेल? आणि या दोघांपैकी कोणीही न्यायमूर्ती झालेला नव्हता.

त्याच खटल्याचा दुसरा धागा तर थेट वर्गात जाऊन पोहोचतो. 24 एप्रिल 1973 रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने 'मूलभूत संरचने'चा सिद्धांत, म्हणजे घटनेचा मूळ गाभा संसदेला दुरुस्ती करूनही बदलता येत नाही हा सिद्धांत, प्रस्थापित झाला. या सिद्धांतामागचा विचार भारतात मांडला होता तो हायडेलबर्ग विद्यापीठातील डिट्रिख कॉनराड या जर्मन प्राध्यापकांनी, फेब्रुवारी 1965मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात दिलेल्या एका व्याख्यानात. घटनादुरुस्तीचा अधिकार कितीही व्यापक शब्दांत दिलेला असला, तरी त्याला काही अंगभूत मर्यादा असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन वर्षांनी घटनादुरुस्तीच्याच अधिकाराविषयीच्या गोलकनाथ खटल्यात वकील एम. के. नंबियार यांनी तो विचार न्यायालयापुढे ठेवला. पुढे केशवानंद खटल्यात ज्यांचे मत निर्णायक ठरले, त्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा हवाला दिला. एका पाहुण्या प्राध्यापकाचे व्याख्यान आणि देशाच्या घटनात्मक इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा निकाल यांच्यामध्ये आठ वर्षे गेली. वृत्तपत्राला इतका काळ थांबता येत नाही, हे मान्य आहे. पण निकाल लागल्यावर मागे वळून तो विचार कोठून आला, हे सांगता येते.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण 1979चे आहे. 1972मध्ये देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि सप्टेंबर 1978मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. अंगावर इजा नाहीत, आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, म्हणून संमती होती, असा त्या निकालाचा एकंदर सूर होता. निकाल छापून आला आणि कायद्याच्या नियतकालिकांत इतर निकालांसारखाच नोंदला गेला. वर्षभराने, सप्टेंबर 1979मध्ये, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार व रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक असतो, हा त्या पत्राचा गाभा होता. ज्यांना ते लिहिले गेले, ते सरन्यायाधीश म्हणजे य. वि. चंद्रचूड, पुण्याच्याच विधी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. या पत्रानंतर देशभर महिला संघटनांनी आंदोलन उभे केले, प्रकरण विधी आयोगाकडे गेले आणि 1983मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि पीडितेने न्यायालयात संमती नसल्याचे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा कायद्यात कलम 114अ म्हणून आली. पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती आजही कलम 120 म्हणून कायम आहे.

संपादक महोदय, याच 1983च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम 228अ घातले आणि पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा ठरवले. आता ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 72मध्ये आहे. आपल्या वृत्तपत्रात अशा घटनेची बातमी छापताना नाव वगळले जाते आणि ओळख पटेल असा तपशील टाळला जातो, तो याच दुरुस्तीमुळे. म्हणजे कायद्याच्या चार शिक्षकांच्या पत्राने सुरू झालेल्या प्रक्रियेचा परिणाम आपल्या वृत्तसंपादकांच्या मेजावर रोज दिसतो. मी वर त्या खटल्याचे प्रचलित नाव लिहिलेले नाही, त्याचेही कारण हेच आहे. या चौघांपैकी कोणाकडेही त्या वेळी मोठे पद नव्हते. विद्यापीठातील नोकरी आणि निकालपत्र बारकाईने वाचण्याची सवय, एवढीच त्यांची सामग्री होती.

विषय थोडा सोडून आणखी एका प्राध्यापकांचा उल्लेख करतो, कारण ते कायद्याचे नव्हते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा जमीनविषयक अभ्यासासाठी बिहारचे कायदे चाळत असताना त्यांच्या लक्षात आले की, तेथे विधिमंडळाला बगल देऊन तेच ते अध्यादेश पुन:पुन्हा काढले जात आहेत. त्यांनी मोजदाद केली तेव्हा 1967 ते 1981 या काळात असे 256 अध्यादेश निघाले. त्यांतला एक तर जवळपास 14 वर्षे जिवंत ठेवलेला होता. त्यांनी याचिका केली आणि डिसेंबर 1986मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. वाधवांच्या संशोधनाची दखल घेऊन न्यायालयाने त्यांना 10,000 रुपये खर्चापोटी द्यायला सांगितले. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हे करावे आणि बिहारमधील वा अन्यत्रच्या विधी विभागांच्या ते ध्यानात येऊ नये, याचे मला अजूनही नवल वाटते, आणि थोडे वाईटही.

शिक्षकांची उपेक्षा फक्त वृत्तपत्रे करतात असे नाही, राज्यव्यवस्थाही करते. सर्वोच्च न्यायालयात नेमणुकीसाठी घटनेच्या अनुच्छेद 124(3)मध्ये तीन मार्ग दिले आहेत. उच्च न्यायालयात पाच वर्षे न्यायाधीश असणे, दहा वर्षे वकिली केलेली असणे, किंवा राष्ट्रपतींच्या मते ख्यातनाम विधिज्ञ असणे. हा तिसरा मार्ग संविधान सभेत ह. वि. कामत यांनी सुचवलेल्या दुरुस्तीतून आला आणि त्यामागे कायद्याच्या अध्यापकांचाही विचार होता. 1950पासून आजवर या मार्गाने एकही नेमणूक झालेली नाही. उच्च न्यायालयासाठी अशी तरतूद 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने आणली होती, ती 44व्या दुरुस्तीने काढूनही टाकली. अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर 1939मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, हे आपल्याकडचे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. आपल्याकडे पंचाहत्तर वर्षांत एकही नाव का पुढे आले नाही, हा प्रश्न एखाद्या अग्रलेखाचा विषय व्हायला हरकत नाही.

याची काही कारणे विधी शिक्षणाच्या रचनेतच आहेत. कायदा शिकवणे हे आपल्याकडे दीर्घकाळ वकिलांचे जोडकाम राहिले. ते हीन होते असे मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि एम. सी. चागला यांनी वकिली करता करताच मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवले. 1935मध्ये बाबासाहेब तेथे प्राचार्य झाले आणि मुंबई इलाख्यातील विधी शिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी महाविद्यालयाच्याच नियतकालिकात लेख लिहिला. आजही केंद्र सरकारच्या 1979च्या नियमांनुसार वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. दुसऱ्या बाजूने, पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला सर्वसाधारणपणे वकिली करता येत नाही. परिणामी जो न्यायालयात उभा राहतो त्याला लिहायला सवड नसते आणि ज्याला सवड असायला हवी, त्याच्यामागे परीक्षा, मूल्यांकनाचे अहवाल आणि प्रवेशप्रक्रिया लागलेली असते. त्यात अनेक महाविद्यालयांचा गाडा तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चालतो. वर्षअखेरीस आपली नेमणूक पुढे राहील की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची चिकित्सा करणाऱ्या लेखाची अपेक्षा करणे हे जरा जास्तच होते.

माजी विद्यार्थ्यांच्या बातम्यांतही हाच पदांचा मोह दिसतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987चा असून तो नोव्हेंबर 1995पासून लागू आहे. त्याखाली महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, कोठडीतील आरोपी अशा अनेकांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हे काम तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयात कोण करते? याच महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी, कोणी पॅनेलवरचे वकील म्हणून, कोणी आरोपींना मोफत वकील पुरवणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयात. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नसल्यामुळे तुरुंगात राहिलेल्या माणसाला त्यांच्यापैकी कोणी बाहेर काढले, तर त्याची बातमी होत नाही. प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र असलेच पाहिजे, असे वकिली आणि विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलचे 2008चे नियम सांगतात. काही ठिकाणी ही केंद्रे मनापासून चालवली जातात. काही ठिकाणी दारावर पाटी असते आणि आत मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. कोणत्या महाविद्यालयात काय स्थिती आहे, हे एका भेटीत वार्ताहराला कळू शकते.

मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पदवी मिळताच न्यायाधीश झालेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे यापुढे वृत्तपत्रांत आणि शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत कमी दिसतील. ही अट ग्रामीण आणि गरीब विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, जड जाईल अशी रास्त भीती आहे; पहिली तीन वर्षे वकिलीत हाती फारसे काही पडत नाही, हे या व्यवसायातील प्रत्येकाला माहीत आहे. या तीन वर्षांत आपल्या माजी विद्यार्थ्यांना कनिष्ठ म्हणून ठेवणारे, त्यांना निदान प्रवासखर्च देणारे ज्येष्ठ वकील कोण आहेत आणि त्यासाठी माजी विद्यार्थी संघ काही करतात का, ही खरी शोधण्याजोगी बातमी आहे. स्नेहसंमेलनाच्या भोजनापलीकडे गेलेला एखादा संघ सापडलाच, तर त्याला जरूर पहिले पान द्यावे.

तेव्हा माझी विनंती मर्यादित आहे. पुढच्या वेळी विधी महाविद्यालयातील सत्काराचे वृत्त आपल्याकडे येईल, तेव्हा ते अवश्य छापावे. मात्र सत्कारमूर्तींनी चालवलेल्या किंवा निकाली काढलेल्या एखाद्या महत्त्वाच्या खटल्याविषयी चार ओळी त्यात असाव्यात, गेल्या वर्षभरात तेथील अध्यापकांनी काय लिहिले आणि विधी सहाय्य केंद्राने किती जणांची कामे केली, हे प्राचार्यांना विचारले जावे, आणि त्या महाविद्यालयात पूर्णवेळ अध्यापकांची मंजूर पदे किती व त्यांपैकी भरलेली किती, हे दोन आकडे छायाचित्राच्या खाली द्यावेत.

आपला विश्वासू,
कायद्याचा एक निवृत्त अध्यापक