मोजमाप असलेली शिक्षा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत समाजमाध्यमांवरच्या झोडपणीला ‘नवे प्युरिटन राज्य’ म्हटले आहे. हे मला अजिबात पटले नाही. सतराव्या शतकातले अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधले प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती पंथाचे लोक, क्रूर होते, यात वाद नाही. पण त्यांच्या शिक्षेला कायदा होता, न्यायाधीश होता, मोजमाप होते.

तिथला १६९४ चा व्यभिचाराचा कायदाच घ्या. दोघांनाही गळ्यात दोर अडकवून, त्याचे दुसरे टोक फाशीच्या खांबावरून टाकून तासभर लोकांसमोर ठेवायचे. मग फटके, जास्तीत जास्त चाळीस. त्यानंतर ‘ए’ (‘अडल्टरी’, म्हणजे व्यभिचार) हे अक्षर: दोन इंच उंच, रुंदी त्या प्रमाणात, अंगावरच्या कपड्याहून वेगळ्या रंगाच्या कापडातून कापलेले, दंडावर किंवा पाठीवर सहज दिसेल असे शिवलेले. (‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीतल्यासारखे ते लालच हवे, असे कायद्यात कुठेही नाही.) अक्षराशिवाय सापडल्यास पंधरापर्यंत फटके. तास संपायचा, फटके संपायचे, अक्षर मात्र जन्मभर. त्या कायद्यातला सर्वांत अमानुष भाग हाच, आणि आजच्या स्क्रीनशॉटचे नाते जुळते तेही याच भागाशी. लेखात नेमका तोच सुटला आहे! १६३४ मध्ये दारूबाजीबद्दल रॉबर्ट कोल्स या रहिवाशाच्या गळ्यात ‘डी’ (‘ड्रंकर्ड’, म्हणजे दारूडा) अक्षर घातले, तेव्हा निदान वर्षाची मुदत तरी ठरवली होती.

पुराव्याचेही तेच. १६४१ च्या संहितेत देहदंडासाठी दोन-तीन साक्षीदार किंवा तितकाच भक्कम पुरावा लागे. १६९२ मध्ये तिथल्याच सेलम गावातल्या चेटकाच्या खटल्यांत न्यायालयाने ‘आरोपीची छाया येऊन मला छळते’ ही साक्ष ग्राह्य धरली आणि १९ माणसे गेली. पुढच्या वर्षी तसली साक्ष बाद होताच बहुतेक आरोपी सुटले. त्या खटल्यांतले एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल १४ जानेवारी १६९७ रोजी बोस्टनच्या चर्चमध्ये सर्वांदेखत उभे राहिले आणि धर्मगुरूंनी त्यांची कबुली वाचून दाखवली. खोटा मेसेज पुढे ढकलून एखाद्याचे घर उद्ध्वस्त करणारा असा कधी उभा राहतो का? लेखकाने हा प्रश्न विचारायला हवा होता.

आणखी एक. लेखासोबतच्या चित्रात सेलमची बाई चितेवर जळताना दाखवली आहे. सेलममध्ये कोणालाही जाळलेले नाही. ते १९ जण फासावर गेले आणि जाइल्स कोरी या आणखी एका आरोपीला छातीवर दगड रचून मारले. शाळकरी मुले हीच चित्रे कापून वहीत चिकटवतात. दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी.

आपला,
एक वाचक, सातारा