बीपी मोजतानाच चूक

महोदय,

बीपीचे मशीन घरोघरी आले, मोजण्याची पद्धत मात्र आली नाही. जिना चढून आल्या आल्या, बाहीवरच पट्टा गुंडाळून, गप्पा मारत घेतलेला १५२/९४ हा आकडा डॉक्टरांच्या काही कामाचा नसतो. आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत, हात टेबलावर. लोंबत्या हाताचा आकडा वाढीवच येतो. मशीनसोबतचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडाला तो तोकडा पडतो आणि दाब खोटाच जास्त दाखवतो. शिंप्याच्या टेपने दंड एकदा मोजून घ्या.

सात दिवस सकाळी बीपीच्या गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोन-दोनदा मोजून वहीत लिहावे. पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. घरी ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

बीपीला सैंधव मीठ ‘चालते’ हा गैरसमजच, त्यातही दाब वाढवणारे सोडियमच. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानेही दाब चढतो, हे फार थोड्यांना माहीत असते. आणि १२४/७८ दिसले म्हणून गोळी बंद करू नये. तो आकडा बहुतेकदा गोळीनेच आणलेला असतो.